अँटवर्पची दोन लाकडी यंत्रे

जगातील सर्वांत जुनी छपाईयंत्रे आज कोठे आहेत, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण गुटेनबर्गचे नाव घेतील आणि जर्मनीकडे बोट दाखवतील. पण पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गने माइंझ येथे ज्या यंत्रावर बायबल छापले, त्याची आज ढलपीसुद्धा उरलेली नाही. माइंझच्या संग्रहालयात जे यंत्र दाखवतात ती पुढच्या काळातील चित्रांवरून बांधलेली प्रतिकृती आहे. ज्यांच्यावर माणसांनी खरोखर पोटासाठी घाम गाळला अशी सर्वांत जुनी दोन यंत्रे आहेत ती बेल्जियममधील अँटवर्प शहरी, प्लांतिन-मोरेतुस संग्रहालयात. दोन्ही इ. स. १६०० च्या सुमाराची. म्हणजे पैठणला एकनाथ महाराजांनी नुकताच देह ठेवला होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून तीस वर्षे होती, तेव्हा ही यंत्रे उभी राहिली.

मी अँटवर्पला गेलेले नाही. छायाचित्रे पाहिली, पुस्तके वाचली, एवढेच. पण ती वाचताना पानोपानी ओळखीचे काहीतरी भेटत होते, कारण माझे आजोबा आमच्या तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी होते. खिळे, गॅली, फर्मा, केस हे शब्द घरात मीठ-मिरचीसारखे वापरात होते. चारशे वर्षांपूर्वीच्या फ्लेमिश कामगाराचा दिवस वाचताना मला आजोबांचा दिवस आठवे, आणि तिथे सर्व काही जपले गेले, इथे का नाही, हा प्रश्न काही केल्या सुटेना. या लेखाचे निमित्त तेच.

आधी यंत्राविषयी. नुसते पाहिले तर ते फारसे प्रभावी दिसत नाही. माणसाहून उंच असे दोन जाड लाकडी खांब, वर व मध्ये आडव्या तुळया, आणि सगळे हलू नये म्हणून माथ्यापासून छतापर्यंत टेकू दिलेले. मध्यभागी एक मळसूत्री दांडा. त्याला आडवी मूठ. मूठ आपल्याकडे ओढली की दांडा फिरत खाली येतो आणि त्याच्या टोकाची सपाट, जड दाबफळी खाली दाब देते. द्राक्षे पिळून मद्य काढण्यासाठी युरोपात असली मळसूत्री यंत्रे पूर्वीपासून होतीच. छापणाऱ्यांनी रसाच्या जागी शाई आणली, असे गमतीने म्हणता येईल. मात्र एक मोठा फरक होता. द्राक्षे एकदा दाबली की झाले. कागद हजारदा दाबायचा, आणि प्रत्येक वेळी सारख्याच जागी, सारख्याच जोराने. लाकडी यंत्राची सारी हुशारी या एका अडचणीभोवती उभी आहे.

ती सोडवली अशी. जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा एका सरकत्या पाटावर बसवीत. पाटाला बिजागरीने जोडलेली, चामड्याने मढवलेली एक चौकट असे; कागद तिच्यावर टाचण्यांवर अडकवायचा. त्या चौकटीला आणखी एक पातळ चौकट जोडलेली. तिच्यात जेथे मजकूर यायचा तेवढ्याच खिडक्या कापलेल्या, म्हणजे समासाला शाईचा डाग लागायला नको. दोन्ही चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या फर्म्यावर मिटायच्या, हातदांडी फिरवून पाट दाबफळीखाली सरकवायचा आणि मूठ ओढायची. लाकडाच्या यंत्राची दाबफळी मोठी करता येत नसे. दाब विरून जाई. म्हणून ती जेमतेम अर्धा फर्मा झाके. एकदा ओढायचे, पाट थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा ओढायचे, तेव्हा कागदाची एक बाजू पुरी होई.

एका यंत्रावर दोन माणसे लागत. एक शाई लावणारा, एक ओढणारा. रबरी किंवा सरसाचे रूळ तेव्हा नव्हते. लोकर भरलेले, मूठ लावलेले चामड्याचे दोन गोळे असत. ते शाईत बुडवून, एकमेकांवर घासून, मग खिळ्यांवर थापटायचे. चामडे मऊ राहावे म्हणून ते रात्री मूत्रात भिजवून ठेवीत. (जुन्या छापखान्यांच्या रम्य चित्रांत हा वास येत नाही, हे आपले नशीब.) कागद आदल्या दिवशी ओलावून ठेवायचा, कारण ओलसर कागद शाई नीट घेतो. छापून झाले की तो दोऱ्यांवर वाळत टाकायचा.

प्लांतिनच्या छापखान्यात एका जोडीने दिवसाकाठी १२५० ताव दोन्ही बाजूंनी छापावेत अशी अपेक्षा होती. हिशेब करून पाहा. २५०० बाजू, प्रत्येक बाजूला दोन ओढी, म्हणजे दिवसाला ५००० वेळा ती मूठ अंगाशी ओढायची. बारा तासांचा दिवस धरला, त्यातून जेवण आणि विसावाही वगळला नाही, तरी मिनिटाला सात ओढी होतात. फ्रान्समधल्या छापखान्यांत पुढे ओढणाऱ्याला ‘अस्वल’ आणि जुळाऱ्याला ‘माकड’ म्हणत. पुढे-मागे झुलत राहणारा तो अस्वल, आणि केसच्या खान्याखान्यांत हात उड्या मारतो ते माकड. आजोबांना हे कधी सांगायला मिळाले असते तर ते खूप हसले असते. त्यांचा हात खरोखरच तसा चाले. डोळे मजकुरावर, हात खान्यावर.

हा छापखाना उभा करणारा क्रिस्तोफ प्लांतिन मूळचा फ्रेंच. जन्म सुमारे १५२० चा, फ्रान्समधील तूर शहराच्या आसपासचा. १५४९ च्या सुमारास तो अँटवर्पला आला. तेव्हाचे अँटवर्प म्हणजे उत्तर युरोपातील सर्वांत गजबजलेले बंदर. कागद, पैसा आणि विद्वान, तिन्ही तेथे मिळत. तो पुस्तकबांधणी आणि नक्षीदार चामड्याच्या पेट्या करीत असे. घराण्यात चालत आलेली हकिकत अशी, की एका रात्री काही मद्यधुंद इसमांनी त्याला दुसराच कोणी समजून भोसकले, खांदा कायमचा दुखावला आणि बांधणीचे काम सोडावे लागले; मग तो छपाईकडे वळला. ते कसेही असो, १५५५ साली त्याच्या नावाचे पहिले पुस्तक निघाले.

पुढची चौतीस वर्षे या माणसाने ज्या कसरती केल्या, त्या वाचून माझे मत त्याच्याविषयी एक राहिले नाही. १५६२ साली तो पॅरिसला गेला असता त्याच्या छापखान्यात एक धर्मविरोधी ठरवलेली पुस्तिका छापल्याचे उघडकीस आले आणि मालमत्तेचा लिलाव झाला. तो परतला, भागीदार मिळवून पुन्हा उभा राहिला. कॅथॉलिक स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा तो राजमुद्रक झाला, आणि वारे फिरल्यावर त्याच राजाविरुद्ध उठलेल्या प्रांतांच्या सभेचेही काम त्याने घेतले. खाजगीत त्याचा संबंध एका गुप्त पंथाशी होता, जो ना रोमचा ना कॅल्विनचा. लबाड म्हणावे काय? माणसे जिवंत जाळली जात होती अशा शहरात डझनावारी कुटुंबांचे पोट चालवणारा मुद्रक, असेही म्हणता येते. त्याचे बोधचिन्ह कंपासाचे होते, खाली लॅटिन शब्द: श्रम आणि सातत्य. कंपासाचे फिरते टोक म्हणजे श्रम, रोवलेले टोक म्हणजे सातत्य.

१५७० नंतरच्या भरभराटीत त्याच्याकडे १६ यंत्रे चालत होती आणि कामावर पन्नासांहून अधिक माणसे होती. त्या काळी एका छत्राखाली इतकी यंत्रे ही अपूर्वाई होती. १५७६ मध्ये तो शुक्रवारच्या बाजाराच्या चौकातील वाड्यात आला (आपल्याकडे शुक्रवार पेठ असावी तसाच प्रकार), आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी शहर लुटले. घरदार वाचवण्यासाठी नऊ वेळा खंडणी भरावी लागली, असे तो लिहितो. १६ यंत्रांचे वैभव पुन्हा आले नाही. १५८९ मध्ये तो वारला. म्हणजे आज संग्रहालयात असलेली ती दोन यंत्रे बहुधा त्याची नव्हेत. त्याचा जावई यान मोरेतुस कारभार पाहत असतानाची आहेत. पाहुण्यांना ही गोष्ट थोडी निराश करत असेल. मला मात्र ती आवडते. यंत्रे एका थोर पुरुषाच्या स्पर्शासाठी जपलेली नाहीत.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेत आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत एक लाकडी यंत्र आहे. तरुणपणी बेंजामिन फ्रँकलिनने १७२६ साली लंडनमध्ये ज्या यंत्रावर काम केले ते हेच, अशी त्याची ख्याती. ते टिकले ते फ्रँकलिनच्या नावामुळे. एखाद्या संताची पादुका जपावी तसे. पण पादुकेवरून वाट कळत नाही. अँटवर्पमध्ये यंत्र आहे आणि ते जेथे होते तेथेच आहे; शेजारच्या खोलीत खिळ्यांच्या केसी, पलीकडे मुद्रितशोधकांचे मेज, वरच्या मजल्यावर ओतशाळा, आणि कपाटांत हिशेबाच्या वह्या. कोणत्या आठवड्यात कोणत्या कामगाराने किती काम केले आणि त्याला काय मिळाले, हे त्या वह्यांतून आजही काढता येते. लेऑन व्हूट या संग्रहालय-प्रमुखाने त्या कागदपत्रांवरून या छापखान्याचा दोन खंडी इतिहास लिहिला. वर मी जी १२५० तावांची अपेक्षा सांगितली ती माहिती यंत्राच्या लाकडात नाही. ती वह्यांत आहे. आजारी कामगारासाठी कामगारांनीच चालवलेला निधी होता, शिस्तभंगाला दंड होता, हेही कागदांमुळेच कळते.

अशाच कागदांतून कळलेली एक गोष्ट आमच्या वर्गातील मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. प्लांतिनचे सर्वांत मोठे काम म्हणजे १५६८ ते १५७३ या काळात छापलेले बहुभाषी बायबल. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी आणि सिरियाक अशा पाच भाषा, आठ खंड, सुमारे १२०० प्रती. देखरेखीसाठी राजा फिलिपने आरियास मोंतानो हा पंडित स्पेनहून पाठवला होता. प्लांतिनला पाच मुली. १५७० च्या एका पत्रात त्याने लिहिले आहे, की मुली लहानपणापासून प्रुफे वाचण्याच्या कामी मदत करतात, आणि चौथी मुलगी माग्दालेना, वय तेरा, बायबलाची प्रुफे मोंतानोच्या बिऱ्हाडी घेऊन जाते आणि त्याला मूळ प्रतीतील हिब्रू, ग्रीक, सिरियाक मजकूर वाचून दाखवते. तिला त्या भाषांचा अर्थ कितपत कळत असेल कोण जाणे. पण अक्षर न अक्षर वाचता येत होते. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राजाचे, पंडिताचे, मुद्रकाचे श्रेय आहे. माग्दालेनाचे नाव बापाने लिहिलेले पत्र टिकले म्हणून उरले.

या बायबलाचा आणि आपल्या देशाचा एक संबंध आहे. अकबर बादशहाने गोव्याहून जेझुइट पाद्रींना बोलावून घेतले, तेव्हा १५८० साली त्यांनी फत्तेपूर सिक्रीला त्याला जी भेट दिली ती अँटवर्पच्या याच छापखान्यातील बहुभाषी बायबलाची. बादशहाने एकेक खंड हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले आणि तो मस्तकी लावला, असे त्या मंडळींपैकी मोन्सेरात या पाद्रीने लिहून ठेवले आहे. दरबारच्या चित्रकारांनी त्यातील ताम्रपटांवरून छापलेली चित्रे निरखली आणि आपल्या कुंचल्याने त्यांचे काही वेगळेच करून टाकले. अकबराला चित्रांत रस वाटला. छापण्याच्या कलेत मात्र दरबारला रस वाटला नाही. सुंदर हस्ताक्षर लिहिणारे शेकडो लेखक पदरी असताना शिशाच्या अक्षरांची मातब्बरी कशाला वाटावी?

आता अक्षरांकडे वळू, कारण माझ्या मते संग्रहालयातील खरे धन यंत्रे नव्हेत, ठसे आहेत. खिळा कसा होतो हे आज छापील पुस्तके वाचणाऱ्यांनाही ठाऊक नसते. पोलादाच्या दांडीच्या टोकावर कारागीर एकच अक्षर उलटे, उठावाने कोरतो. हा पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की त्यात अक्षर खोल उमटते, ही मातृका. मातृका साच्यात बसवून तीत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. एका पंचापासून अनेक मातृका, एका मातृकेपासून हजारो खिळे. खिळे झिजतात, वितळवून पुन्हा ओततात. पंच गेला की मात्र ते अक्षर गेले. प्लांतिनने त्या काळच्या उत्तमोत्तम अक्षरकोरक्यांची, गारामाँ आणि ग्रांजाँ यांची, अक्षरे मिळवली होती. गारामाँ १५६१ मध्ये वारल्यावर त्याच्या सामानातूनही खरेदी केली. ते पंच आणि मातृका हजारोंच्या संख्येने आजही तेथे आहेत. पुस्तकांतील चित्रांचे लाकडी ठसेही सुमारे १४,००० आहेत.

ही नुसती मृत संपत्ती नाही. १९१३ साली इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ‘प्लांतिन’ नावाचे अक्षरवळण काढले ते या संग्रहातील ग्रांजाँच्या एका अक्षरावरून. पुढे १९३२ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रासाठी नवे वळण करताना त्याचाच आधार घेतला गेला. ‘टाइम्स न्यू रोमन’ ते हेच. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून इंग्रजी सूचना निघतात त्यांतील अक्षरांचे पणजोबा अशा रीतीने अँटवर्पच्या फडताळात बसलेले आहेत.

देवनागरीच्या जुळाऱ्याला मात्र रोमन लिपीचा जुळारी नेहमीच सुखी वाटणार. आपले काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून खान्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. मुंबईच्या ओतशाळांनी यावर तोड काढली ती अखंड आणि डिग्री खिळ्यांची. डिग्रीत मात्रा-वेलांटी वेगळी ओतून अक्षराच्या खांद्यावर बसवता येई. जावजी दादाजींच्या निर्णयसागराची अक्षरे या कारागिरीचा कळस होत. आजोबा निर्णयसागरी पुस्तक हाती आले की मजकूर वाचायच्या आधी ते तिरके धरून अक्षरांचा ठसा बोटाने चाचपीत.

मग अँटवर्पमध्ये एवढे सगळे टिकले कसे? वाचण्यापूर्वी मला वाटत होते, युरोपातल्या लोकांना इतिहासाची जाण, म्हणून टिकले. खरे कारण त्याहून रुक्ष आहे. प्लांतिनला आणि पुढे मोरेतुस घराण्याला स्पेन व त्याच्या वसाहतींना प्रार्थनाविधीची पुस्तके पुरवण्याचा विशेष हक्क होता. गिऱ्हाईक ठरलेले, पुस्तके तीच ती, मजकुरात बदल नाही. नवे यंत्र, नवे अक्षर घेण्याची गरजच काय? शिवाय घराण्याच्या मृत्युपत्रांतून अशी तजवीज केलेली, की छापखान्याच्या वाटण्या होऊ नयेत. तो अखंडपणे एका कर्तबगार वारसाकडे जावा. कधी विधवांनीही कारभार सांभाळला. १७६४ साली स्पेनच्या राजाने तो हक्क काढून घेतला आणि धंदा आटत गेला. घराणे तोवर गडगंज झाले होते, छपाईवर पोट अवलंबून नव्हते. जग १८०० च्या सुमारास लॉर्ड स्टॅनहोपच्या लोखंडी यंत्राकडे आणि नंतर वाफेच्या यंत्राकडे गेले. इतर छापखान्यांतून लाकडी सांगाडे सरपणात गेले. मोरेतुसांकडे ते उभेच राहिले. शेवटचे पुस्तक १८६६ मध्ये निघाले. तोवर काम हातयंत्रावरच चालले होते.

धंदा चालता असता तर यंत्रे राहिली नसती, हे मला या साऱ्या हकिकतीतले सर्वांत विचित्र सत्य वाटते. चालत्या छापखान्याला जुने टाकूनच द्यावे लागते. खिळे वितळवल्याशिवाय नवे खिळे कोठून येणार? अँटवर्पला मक्तेदारीने आणि आळसाने जे केले ते कोणत्याही इतिहासप्रेमाने केले नसते. इतिहासप्रेम आले ते अगदी शेवटी, पण वेळेवर आले. १८७६ साली एदुआर मोरेतुसने वाडा, यंत्रे, ग्रंथ, कागदपत्रे, सारे एकत्र शहराला विकले. किंमत बारा लक्ष फ्रँक. सुटे सुटे विकले असते तर रुबेन्सने काढलेली घराण्याची चित्रेच केवढ्याला गेली असती. शहराने दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, संग्रहालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात संग्रह हलवून ठेवला होता हे बरे झाले, कारण जानेवारी १९४५ मध्ये समोरच्या चौकात जर्मन बॉम्ब पडून वाड्याची बरीच पडझड झाली. दुरुस्ती होऊन १९५१ मध्ये दारे पुन्हा उघडली. युनेस्कोने २००१ मध्ये येथील दफ्तर ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत आणि २००५ मध्ये सारा वाडा जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

आता आपल्याकडे पाहू. प्लांतिनचे पहिले पुस्तक १५५५ चे, आणि गोव्याला छपाईचे यंत्र उतरले ते १५५६ साली. एका वर्षाचे अंतर! ते निघाले होते ॲबिसीनियाला, पण गोव्यातच राहिले, आणि भारतातील पहिली छपाई तेथे झाली. त्या यंत्राचा आज मागमूस नाही. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, नंतर १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. छापले की अमर झाले, या समजुतीला याहून चोख उत्तर नसेल. मुंबईत गणपत कृष्णाजींनी स्वतः खटपट करून लाकडी शिळायंत्र उभारले आणि १८३१ साली मराठीतील पहिले पंचांग छापले. ते यंत्र पाहायला आपण कोठे जावे?

एवढ्या जुन्या काळात जाण्याचेही कारण नाही. आजोबांचा छापखाना ऑफसेटपुढे टिकला नाही. मालकाचा दोष मी मानीत नाही. कर्ज होते, मुले शिकत होती. ट्रेडल यंत्र बिडाच्या भावाने गेले. खिळे पोत्यांत भरून भंगारवाल्याने काट्यावर तोलले. शिशाला भाव चांगला असतो. सोळा पॉइंटचा जाड ठसा, जो फक्त लग्नपत्रिकांना वापरीत, तोही त्याच पोत्यात गेला. केसींची लाकडे चांगली सागवानी होती, म्हणून त्यांची फडताळे झाली. हिशेबाच्या वह्या रद्दीत गेल्या. यंत्र गेल्याचे लोकांना वाईट वाटले, वह्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. प्लांतिनविषयी वाचल्यापासून मला मात्र वह्यांचीच हळहळ जास्त वाटते. त्या छापखान्यात किती जुळारी होते, त्यांना फर्म्यामागे काय मिळे, निवडणुकीच्या हंगामात रात्रपाळी किती होई, गावातले पहिले साप्ताहिक किती छापले जाई, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आहेत. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला अंक ओळखणे सोपे आहे: पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवले की ओळींचा उठाव लागतो. मुखपृष्ठाच्या आत मुद्रकाचे व मुद्रणालयाचे नाव असते, जुळाऱ्याचे नसते. इतिहास मंडळाने यंदाच्या प्रकल्पासाठी विषय मागवले आहेत. मी हा विषय दिला आहे. गावात त्या काळचे दोन जुळारी अजून आहेत. एकाचे वय ऐंशीच्या पुढे असून त्यांना दिसत कमी आहे, पण केसचा नकाशा, म्हणजे कोणते अक्षर कोणत्या खान्यात, तो त्यांनी मला तोंडपाठ सांगितला. मी तो कागदावर उतरवायला घेतला आहे. वरची केस पुरी झाली आहे. खालच्या केसचे डावे अंग राहिले आहे, त्यासाठी येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे.